हान आजींनी साठ वर्षं न वाचलेलं पोस्टकार्ड

थांबा, हातातलं काम ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नाहीतर दुपारभर माझं कोडमध्ये लक्ष लागणार नाही. लंच ब्रेकची चाळीस मिनिटं आहेत, एका हातात सँडविच आहे, एका हाताने टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

झालं असं की आत्ता इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात, कँटीनमधल्या टीव्हीवर बातमी चालू होती. आवाज बंद होता. सोलमध्ये काही म्हाताऱ्या बायका रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या, युद्धात जे केलं त्याबद्दल जपान सरकारने माफी मागावी म्हणून. आमच्या टीममधला पुण्याचा एक मुलगा क्रिस्प्स खात खात म्हणाला, "काय यार, साठ वर्षं होऊन गेली. सोडून द्यायचं ना आता." मी एवढंच म्हटलं, "तू हान आजींना भेटला असतास ना, तर असं बोलला नसतास." तो म्हणाला, "कोण हान आजी?"

तर ऐका, कोण हान आजी.

२००५ साली मी नागपूरहून मँचेस्टरला मास्टर्स करायला आले. युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: खोली भाड्याने, शांत मुलगी हवी. मी शांत नाहीये, पण गेले. दार उघडलं तर समोर माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई, पांढरे केस कुरळे केलेले, हातात ही एवढी मोठी कात्री. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जेवलीस का?"

नाव नाही, डिपॉझिट नाही, जेवलीस का! परदेशात येऊन तीन आठवडे झाले होते आणि कुणीही मला हे विचारलं नव्हतं. मला तिथेच दारात रडू फुटलं. तर आजी म्हणाल्या, "आधी खा. पोट भरलं की मग रड. रिकाम्या पोटी रडलं की डोकं दुखतं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. नंतर मी ते किमान शंभर वेळा ऐकलं असेल.

आणि ती कात्री! आजी सगळं कात्रीने कापायच्या. भाजी कात्रीने, मटण कात्रीने, पिझ्झा कात्रीने. मी पहिल्यांदा चपात्या केल्या तेव्हा त्यांनी त्याही घेतल्या आणि कराकरा पट्ट्या कापून माझ्या ताटात टाकल्या. रोज सकाळी पार्कमध्ये फिरायला जायच्या, तर उलट्या चालायच्या, पाठीमागे, टाळ्या वाजवत. म्हणे गुडघ्यांना बरं असतं. कुत्रे भुंकायचे, लोक बाजूला व्हायचे, आजी मागे न बघता सरळ रेषेत. त्यांचे मिस्टर डेरेक बस ड्रायव्हर होते, मी यायच्या आधीच वारलेले. त्यांच्यामुळे आजी बसमधून उतरताना प्रत्येक ड्रायव्हरला थँक यू म्हणायच्या आणि मी विसरले तर माझं जॅकेट मागून ओढायच्या.

त्या कोरियाच्या. साठच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला आल्या, इथेच लग्न केलं, पण नवऱ्याचं आडनाव लावलं नाही. कौन्सिलच्या पत्रावर मिसेस व्हिटेकर असं आलं की त्या फोन उचलायच्या. "मिसेस हान. एच, ए, एन. लिहून घ्या." मी एकदा हसून म्हटलं, "जाऊ द्या ना आजी, पत्र आलं ना घरी." तेव्हा त्या हसल्या नाहीत. "तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. शाळेत पहिल्या दिवशी माझं नाव काढून घेतलं आणि जपानी नाव दिलं. घरी गेले तर मला स्वतःला ते म्हणता येईना. नाव एकदा बदललं माझं. परत नाही."

म्हणून त्यांनी माझंही नाव बदलू दिलं नाही. युनिव्हर्सिटीत सगळे मला 'प्रॅग' म्हणायचे, मीच सांगितलं होतं तसं, कोण स्पेलिंग सांगत बसणार! एकदा एका मुलीचा घरी फोन आला, प्रॅग आहे का म्हणून. आजी म्हणाल्या, "इथे प्रॅग राहत नाही," आणि फोन ठेवला. संध्याकाळी मला समोर बसवून माझं नाव दहा वेळा म्हणून घेतलं. पु-रा-ज्ञा. पु-राज्ञा. अकराव्या वेळेला बरोबर प्रज्ञा आलं. अर्थ विचारला, मी सांगितला, आम्ही बौद्ध आहोत हेही सांगितलं. म्हणाल्या, "एवढं मोठं नाव आईबापांनी दिलंय आणि तू ते चॉकलेटसारखं तोडून वाटतेस?" दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना प्रज्ञा म्हणायला लावलं. आज ऑफिसच्या बॅजवर पूर्ण नाव आहे. ते आजींमुळे. सिरियसली.

ओके, आता नाओको. माझ्या वर्गातली जपानी मुलगी, माझी प्रोजेक्ट पार्टनर. बारीक, गोड, बोलण्याआधी मान हलवणारी. मी तिला घरी बोलावलं आणि आजींना सांगायचं विसरले. आम्ही वर माझ्या खोलीत काम करत होतो, आजी बाजारातून आल्या. दार उघडल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पिशव्या ठेवल्याचा नाही, किचनचा नाही. मी जिन्यावरून वाकून बघितलं. आजी दारातच उभ्या होत्या आणि खाली चपलांकडे बघत होत्या.

नाओकोने आत येताना काय केलं होतं, तर तिचे बूट वळवून, टाचा भिंतीकडे, टोकं दाराकडे, असे जोडीने ठेवले होते. आणि सवयीने माझे सँडल, आजींच्या स्लिपर, सगळंच एका रेषेत लावलं होतं. मला तर केवढं छान वाटलं होतं! आजी वर न बघताच म्हणाल्या, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "माझी मैत्रीण, आजी. नाओको."

आजींनी पाय उचलला आणि ती सगळी रांग उडवून लावली. एक सँडल रेडिएटरखाली गेला. मग त्या किचनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

नंतर कळलं की त्यांच्या शाळेत रोज चपलांची तपासणी व्हायची. बोटभर वाकडी दिसली की पोटरीवर छडी. शाळेतली जपानी त्या विसरल्या होत्या, ठरवून विसरल्या होत्या, पण ती रांग विसरल्या नव्हत्या.

मला वाटलं, आता नाओको काही परत यायची नाही. पण आमचं प्रोजेक्ट होतं आणि माझ्याकडेच प्रिंटर होता, त्यामुळे ती दर बुधवारी यायची. दर बुधवारी चपला लावायची. दर बुधवारी आजी त्या पायाने विस्कटायच्या. मी नाओकोला म्हटलं, "अगं नको ना लावूस!" ती कसनुशी झाली. म्हणाली, "मी ठरवून येते, नाही लावायच्या. पण हात जातोच." आणि दुसरीकडे गंमत बघा, आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं आजींना जमत नव्हतं. त्या मला खालून हाक मारायच्या आणि दोन बशा हातात द्यायच्या. "एक तुझी." दुसरी कुणाची ते कधीच म्हणाल्या नाहीत.

एकदा मी त्यांना माझ्या आजीचं सांगितलं होतं. खेड्यातल्या शाळेत तिला वर्गात बसू देत नव्हते, बाहेर ओसरीवर बसून ती खिडकीतून शिकली. हान आजींनी लसूण सोलता सोलता विचारलं, "आता तिला त्या लोकांचा राग येतो?"

"येतो ना. पण त्यांच्या घरच्या लग्नांना जाते. जाते, आहेर देते, फक्त जेवत नाही."

"बरोबर करते," आजी म्हणाल्या. विषय संपला.

मग फेब्रुवारीत पाण्याची टाकी गळली. इथल्या जुन्या घरांमध्ये वरच्या मजल्यावर एक कपाट असतं, त्यात गरम पाण्याची टाकी, आणि ऊब असते म्हणून लोक त्यातच चादरी-टॉवेल ठेवतात. ती टाकी खालून फुटली. नेमका बुधवार. मी आणि नाओको धावत सुटलो, कपाटातलं सगळं उपसून किचनच्या टेबलावर आणून टाकलं. आजी प्लंबरशी फोनवर भांडत होत्या. चादरींच्या खाली, अगदी तळाशी, एका उशीच्या अभ्र्यात लहान मुलीचं जुनं सुती जॅकेट होतं, कोरियन पद्धतीचं. ते भिजलेलं होतं आणि त्याचं अस्तर उसवलं होतं. नाओकोने ते पिळू नये म्हणून हळूच उलगडलं, तर अस्तरातून दोन पोस्टकार्डं बाहेर आली. पेन्सिलने लिहिलेली. तिने ती पटकन किचन टॉवेलवर पसरली, वरून टिपली, आणि सवयीने, अगदी सवयीने, पहिली ओळ वाचली. मोठ्याने. जपानीत.

आजींच्या हातातून फोन पडला. खरंच पडला, वायरला लोंबकळत राहिला आणि आतून प्लंबर हॅलो हॅलो करत होता.

"बाबा, आई," आजी म्हणाल्या. "तिने बाबा, आई वाचलं."

नाओको घाबरून मागे सरकली. तिला वाटलं आपण मोठा गुन्हा केला. दुसऱ्याचं पत्र न विचारता वाचलं. ती वाकून वाकून सॉरी म्हणत होती. आजी तिच्याकडे बघत नव्हत्या. "दोघी जा," म्हणाल्या. मी म्हटलं, "आजी, पाणी..." "जा म्हटलं ना!"

दोन आठवडे त्या माझ्याशी फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलल्या. आणि मग एका रविवारी मी कांद्याची पात निवडायला बसले असताना स्वतःहून सुरू झाल्या. मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहितेय.

"मी आठ वर्षांची. दुसरीत. सेन्सेई वर्गात आले. सेन्सेई म्हणजे मास्तर. म्हणाले, कुणाच्या घरी मोठी बहीण आहे, सहावी पास? हात वर करा. जपानला जायचं, कारखान्यात काम करायचं, तिथे मुलींची शाळा आहे, पगार आहे. मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी. इतका वर की बाकावरून उठले. सेन्सेईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वर्षभरात पहिल्यांदा."

"मग?"

"मग ते संध्याकाळी घरी आले. ऑन्नी चौदा वर्षांची होती." ऑन्नी म्हणजे ताई.

दोन कार्डं आली जपानहून. तपासणी व्हायची म्हणून जपानीतच लिहावी लागायची. वडिलांना जपानी येत नव्हतं, आजींना दुसरीतली अर्धीमुर्धी अक्षरं. गावच्या कचेरीतला कारकून वाचायला आला. पहिलं त्याने उभ्या उभ्या वाचलं: मुलगी ठीक आहे, खायला भरपूर आहे. दुसऱ्यावर नुसती नजर टाकली, म्हणाला, "यातही तेच आहे," आणि गेला. युद्ध संपल्यावर गावातल्या दुसऱ्या मुली परत आल्या. ताई आली नाही. कुणी म्हणालं बॉम्बमध्ये गेली, कुणी म्हणालं तापाने. आईने कार्डं धाकटीच्या जॅकेटच्या अस्तरात शिवून टाकली.

"आई मला त्याबद्दल कधी काही बोलली नाही," आजी म्हणाल्या. "मरेपर्यंत एक शब्द नाही. त्यावरूनच मला कळलं की तिला माहीत आहे."

मी विचारलं, इतक्या वर्षांत कुणाकडून वाचून का नाही घेतलं? म्हणाल्या, डेरेक एकदा म्हणाला होता, युनिव्हर्सिटीत कुणी जपानी प्रोफेसर असेल, विचारू. "मी त्याला तवा फेकून मारला." पातीचा ढीग संपला तेव्हा त्यांनी कात्री पुसून ठेवली.

"सगळ्यांना वाटतं मी जपान्यांवर राग धरून बसलेय. तो आहेच. तो वेगळा. पण कार्ड मी घाबरून नाही वाचलं. दुसऱ्या कार्डावर लिहिलेलं असेल ना, की सुनोकने माझं नाव सांगितलं. आईबाबांना लिहिलं असेल." सुनोक म्हणजे आजी.

मी पातीच्या मुळ्या गोळा करायला लागले. शेवटी त्याच म्हणाल्या, "त्या मुलीला बोलाव. शनिवारी सकाळी. आणि सांग, उपाशी येऊ नको."

शनिवारी नाओको आली ती पांढरीफटक. चपला लावल्याच. आजींनी त्या दिवशी विस्कटल्या नाहीत, पण मला वाटतं त्यांचं लक्षच नव्हतं. कार्डं टेबलावर होती. नाओको एक ओळ आधी जपानीत वाचायची, मग इंग्लिशमध्ये सांगायची. पहिलं कार्ड कारकुनाने सांगितलं तसंच होतं. ठीक आहे, खायला भरपूर आहे, सगळ्या मिळून मन लावून काम करतो. नाओको हळूच म्हणाली, "हे कुणीतरी फळ्यावर लिहून दिलंय असं वाटतं."

दुसरं कार्ड. "बाबा, आई. इथे फार थंडी आहे. मोजे पोचले. सेन्सेईंकडे मी स्वतः जाऊन नाव दिलं होतं. मला ती शाळा बघायची होती." पुढची एक ओळ तपासणाऱ्याने काळ्या शाईने खोडून टाकलेली, एक अक्षरही दिसत नव्हतं. त्याच्या पुढची, शेवटची, कोपऱ्यातली, शिवणीला घासून आणि वर पाणी लागून पुसट झालेली. नाओकोने कार्ड खिडकीशी धरलं, डोळ्यांजवळ नेलं. "इमोउतो. धाकटी बहीण. 'धाकटीने...' पुढचं मला वाचता येत नाही. अक्षरं जुन्या वळणाची आहेत. सॉरी."

"धाकटीने काय?" आजी म्हणाल्या.

"मला खात्री नाही. उगाच काहीतरी सांगणार नाही मी." आणि मग एकदम, "माझ्या आजीला येईल!"

तिची आजी ओसाकाजवळच्या एका गावात. आणि जपानमध्ये म्हाताऱ्यांच्या घरीही फॅक्स असतो, माहितेय? आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. आजींनी दुकानदाराला कार्डाला हात लावू दिला नाही, कॉपी स्वतः मशीनवर ठेवून काढली, मोठी करून काढली, ती फॅक्स केली आणि आम्ही जवळजवळ पळत घरी आलो. नाओकोने कॉलिंग कार्डाचा तो लांबलचक नंबर दाबला, दोनदा चुकला. तिकडे संध्याकाळ होती. आम्ही तिघी एकाच रिसीव्हरला कान लावून, डोक्याला डोकं.

पलीकडून बारीक, शांत आवाज आला. नाओकोने काही विचारलं. कागदाचा आवाज आला. मग ती बाई हळूहळू, एकेक शब्द सुटा करून वाचायला लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी नाओकोच्या तोंडाकडे बघत होते. नाओको रडायला लागली.

"धाकटीला रागावू नका," ती म्हणाली. "धाकटीने काही सांगितलं नाही. तिला शाळेतून काढू नका."

आजींनी एकदम टेबलावर हात आपटला. "बनवाबनवी! मी हात वर केला होता! सेन्सेई माझ्यामुळे घरी आले, मी दार उघडलं! अशीच होती ती. मी मध चोरून खायचे आणि ही आईला सांगायची, मीच खाल्ला. तोंडाला मध माझ्या, आणि मार हिला!" आणि त्या हसत होत्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते आम्हाला कळलं नाही, त्यांनाही नसेल कळलं. "तिला माहीत होतं. अगं, तिला माहीत होतं, म्हणून तर लिहिलं."

आम्ही फोन विसरलोच होतो. पलीकडे त्या बाई अजून होत्या. त्यांनी नाओकोला विचारलं, कोण रडतंय, हे पत्र कुणाचं. नाओकोने सांगितलं. मग त्या काही बोलल्या आणि नाओकोने ते इंग्लिशमध्ये सांगितलं: "आजी म्हणतेय, मीही तेव्हा शाळेतून कारखान्यात गेले होते. मलाही भूक लागायची. पण मला घरी जायला मिळालं. कृपा करून त्यांना सांग, मला घरी जायला मिळालं."

हान आजींनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला. आणि मग म्हणाल्या, "हाय." म्हणजे हो. वर्गात हजेरीला म्हणायचे तसं. साठ वर्षांत त्या 'सेन्सेई' सोडून त्यांनी जपानीतला एक शब्द उच्चारला नव्हता. तो एक म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मागे बघतो तर नाओको जमिनीवर. गुडघे टेकून, कपाळ लिनोलियमला लावून, सॉरी म्हणत होती. आजी इतक्या वैतागल्या! "ऊठ! ऊठ आधी. तू होतीस का तिथे? तुझी आई तरी जन्मली होती का? तुमच्या सरकारने मला जे म्हणायचंय ते त्यांनीच म्हणायचं, ते मी सोडणार नाही. तू माझं काही देणं लागत नाहीस. तू वाचलंस. चल, भात निवतोय."

तेव्हा नाओको पहिल्यांदा त्या टेबलावर जेवायला बसली. तिने भाताची वाटी उचलून हातात धरली, त्यांच्यात तशीच धरतात. आजींनी ती तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली. "आमच्याकडे भिकारी अशी धरतो."

नाओको लालबुंद झाली. मला वाटलं, संपलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आमच्याकडे वाटी खाली ठेवून कुत्रा खातो."

आणि आजींना जे हसू फुटलंय! भात उडाला तोंडातून. मग दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. मी मस्त हाताने कालवून खात होते. "आणि ही बघ," आजी म्हणाल्या. दोघी मिळून माझ्यावर हसल्या. मी म्हटलं, वा, साठ वर्षांचं भांडण मिटलं आणि बळी कुणाचा, तर नागपूरचा!

मिटलं म्हणजे काय हो पण. चपला पुढच्याच बुधवारी परत उडाल्या. टीव्हीवर जपानचे कुणी मंत्री दिसले की आजी आवाज बंद करायच्याच. सोलमधल्या त्या बायकांना त्या दर ख्रिसमसला विणलेले हातमोजे पाठवायच्या, आणि त्या वर्षी त्यातले दोन जोड नाओकोने विणले, वाकडेतिकडे. आजी म्हणाल्या, "अंगठा कुठाय यात?" पण पाठवले. मला वाटतं मी कँटीनमध्ये त्या मुलाला हेच सांगायला हवं होतं. सोडून देणं आणि मिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आजींनी पहिली कधीच केली नाही. पण एका माणसाला जेवायला बसवलं. आणि मी ते समोर बसून बघितलं. चोवीस वर्षांच्या मुलीला यापेक्षा काय मिळायला हवं? मास्टर्समध्ये काय शिकले ते मला आत्ता विचारू नका, आठवत नाही.

आजी गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेत, त्यांच्याच घरात. मला नाओकोच्या मेलमधून कळलं. ती शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहत होती, माझ्याच खोलीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सप्टेंबरमध्ये, ब्रॅकनेलची नोकरी लागली तेव्हा. टॅक्सी दारात उभी, माझ्या दोन बॅगा, डोळ्यांत पाणी, मोठा सीन करायची पूर्ण तयारी. आत गेले तर दोघी किचनमध्ये टेबलावर. आजींनी चष्म्यावर चष्मा लावलेला. समोर चौकटींची वही, दुसरीतल्या मुलीसारखी, आणि त्यांचं भांडण चाललेलं.

"आधी ही रेघ," नाओको म्हणत होती.

"नाही. आधी ती. मी छडी खाऊन शिकलेय, तू मला सांगतेस?"

मी म्हटलं, "आजी, हे काय? तुम्ही? जपानी?"

"मला स्वतःला वाचायचंय," त्या वर न बघता म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून ताईचा आवाज नीट येत नाही."

मग वही बाजूला सारली, ते कार्ड पुढे ओढलं. बोट त्या पुसट ओळीवर ठेवलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, कुणी लक्ष दिलं नाही.

"इ," आजी म्हणाल्या. "मो. उ. तो." परत एकदा, जोडून. "इमोउतो. धाकटी."

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, इतक्या खूश, आठ वर्षांच्या. "प्रज्ञा, बघ. ही मी आहे."

माझा लंच ब्रेक संपून वीस मिनिटं झाली, मॅनेजर दोनदा येऊन गेला, येऊ दे. मला तुम्हालाच विचारायचंय. तुमच्या घरी आहे का असं काहीतरी, कुणीतरी भीतीपोटी कधीच न उघडलेलं? आणि ते वाचून देणारं माणूस, ज्या घरातलं अजिबात काही घ्यायचं नव्हतं त्याच घरातून आलं, असं कधी तुमच्या बाबतीत झालंय का?